तुम्ही विचारलेत म्हणून: हॅटखालची टोपी

अठराव्या शतकातील इंग्रज स्त्रीचा झगा शिवून झाला, आता डोक्यावर काय घालावे, असे नाटकवाली मंडळी मला नेहमी विचारतात. हा प्रश्न झग्याआधी कोणालाच पडत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. माझे उत्तर एकच असते: आधी पांढरी टोपी घाला, हॅटचे नंतर पाहू. मालकीण असो वा मोलकरीण, केस वर बांधून त्यांवर लिननची टोपी घालणे हा तेव्हाचा रोजचा परिपाठ होता आणि बाहेर जाताना हॅट चढे, तीही बहुधा या टोपीवरच. इंग्रज चित्रकार होगार्थने 1750च्या सुमारास आपल्या घरच्या सहा नोकरांचे चेहरे रंगवले, त्यांतील बायकांच्या टोप्या निरखून पाहाव्यात. श्रीमंती टोपीच्या आकारात शोधू नये. ती कापडाच्या तलमपणात आणि लेसमध्ये दिसते. इलॅस्टिक ओवलेली गोल टोपी मात्र कृपा करून नको. चेहऱ्याभोवती पट्टी किंवा झालर, तिला चुण्या घालून जोडलेला मागचा फुगीर भाग आणि मानेशी आवळायची नाडी, एवढे जमले की पुरे.

हॅट वर्षाप्रमाणे बदलते. शतकाच्या मध्यावर गव्हाच्या काडांची, रुंद काठाची आणि जेमतेम खोली असलेली हॅट फितीने बांधत. 1770च्या दशकात केशरचना इतकी उंच झाली, की ती झाकण्यासाठी टांग्याच्या टपासारखे मिटणारे, कामट्यांवर ताणलेले रेशमी आच्छादन वापरात आले. 1780 नंतर पिसे लावलेल्या भव्य हॅट आल्या. चित्रकार गेन्सबरोने रंगवलेली डेव्हनशरची डचेस हा त्यांचा प्रसिद्ध नमुना. चेहरा दोन्ही बाजूंनी बोगद्यात घेणारे बॉनेट मात्र पुढच्या शतकाचे आहे.

गोल्डस्मिथच्या 1773च्या ‘शी स्टूप्स टू कॉन्कर’ या नाटकात तर शिरोभूषणावर कथानकाचे एक वळणच बेतले आहे. लाजाळू मार्लो पहिल्या भेटीत मान वर करत नाही, आणि केली असती तरी बॉनेटमुळे (हे बोगद्यासारखे नव्हे, काठाचे) माझा चेहरा त्याला दिसला नसता, असे नायिका केट म्हणते. पुढे साध्या वेषातील तिला तो खानावळीतील नोकराणी समजतो. म्हणून त्यांच्या पहिल्या भेटीच्या प्रवेशासाठी तिच्या बॉनेटचा काठ मार्लोच्या बाजूला झुकवून, प्रेक्षकांच्या बाजूला किंचित उचलून टाचावा. नंतरच्या प्रवेशासाठी साधा झगा आणि बिनलेसची टोपी पुरते.