तुम्ही विचारलंत म्हणून: अरबांकडे आयाराम-गयाराम असतात का?

अरबी बातम्या वाचते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. आपले आमदार रिसॉर्टवर नेऊन ठेवले की तर हमखास.

असतात की. मोरोक्कोत पक्षांतरं इतकी बोकाळली होती की २०११च्या राज्यघटनेत ६१वं कलम घालून पक्ष सोडणाऱ्याची खासदारकी काढून घ्यायची सोय केली. पण जिथे मतपेटीला फारशी किंमतच नाही, तिथे टोपी फिरवायची ती साहेब पडल्यावर. आणि टोपणनावं खरी रंगतात ती तिथे.

अल्जीरियात ‘काशिर’ नावाचं स्वस्त सॉसेज मिळतं. राष्ट्राध्यक्ष बुतफ्लिका २०१३च्या पक्षाघातानंतर लोकांना क्वचितच दिसत. समारंभात त्यांच्या फ्रेम केलेल्या फोटोचा मान राखला जाई. (हे विनोदासाठी रचलेलं नाही.) तरी २०१९मध्ये पाचव्यांदा उभं राहायचं ठरलं. प्रचारसभेला आलेल्यांना काशिर घातलेले सँडविच वाटले आणि साहेबांचा उदो उदो करणारे सगळेच ‘काशिरवाले’ झाले. २ एप्रिलला बुतफ्लिकांनी राजीनामा दिला. नाव मात्र चिकटलं. आमच्याकडच्या वडापाव-बिर्याणीच्या सभांना असं नाव कुणी का दिलं नाही, कोण जाणे.

इजिप्तचे ‘लिंबू पिळणारे’ बिचारे वेगळे. २०१२च्या निर्णायक फेरीत मुबारक यांचे शेवटचे पंतप्रधान शफीक विरुद्ध मुस्लिम ब्रदरहुडचे मोर्सी असा पेच होता. घशाखाली न उतरणाऱ्या घासावर लिंबू पिळावं तसं मन मारून ज्यांनी मोर्सींना मत दिलं, ते हे. यात संधिसाधूपणा कसला? तरी पुढे दोन्ही बाजूंनी त्यांनाच टोमणे.

सध्या सगळ्यात चलती आहे ती सीरियाच्या ‘मुकव्वे’ची. ‘कूअ’ म्हणजे कोपर, आणि रस्त्याचं तीव्र वळणही. ८ डिसेंबर २०२४ला बशर अल असद मॉस्कोला पळाले आणि बाप-लेकांची ५४ वर्षांची राजवट संपली. लगेच फेसबुकवर लाल पट्ट्याचा झेंडा जाऊन हिरव्या पट्ट्याचा आला. कालपर्यंत असदचे गोडवे गाणारे नट आणि निवेदक ‘आम्हाला काही माहीतच नव्हतं’ म्हणू लागले. हँडब्रेक न लावता वळलेले हे लोक म्हणजे मुकव्वे.

हसू येतं, पण मला या शब्दाची थोडी भीतीही वाटते. ज्या शिक्षिकेला वर्गात साहेबांचा फोटो लावावाच लागायचा आणि त्या फोटोविषयी ब्र काढला तर तुरुंग ठरलेला होता, तिलाही आता कुणी मुकव्वे म्हणतं. म्हणणारा बरेचदा जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये सुखरूप असतो. अर्थात त्यानंही घर गमावलेलं असतं, म्हणून त्याच्या तोंडाला हात लावणारी मी कोण? पण मी स्वतः हा शब्द नट, निवेदक आणि कंत्राटदार एवढ्यांपुरताच वापरते.