पडद्यामागची हाक

चर्चमधल्या रविवारच्या शाळेचं वार्षिक संमेलन म्हटलं की मला आधी कापसाची दाढी आठवते. एलीची. गाणी, वचनांचं पाठांतर, बक्षिसं यांत दर वर्षी थोडाफार बदल व्हायचा. बाल शमुवेलाचं नाटक मात्र ठरलेलं. बायबलमधली गोष्ट: म्हाताऱ्या याजक एलीजवळ मंदिरात राहणाऱ्या शमुवेलाला रात्री देव हाक मारतो, आणि पोराला वाटतं एलीच बोलावतोय. पात्रं तीनच, त्यातही देव पडद्यामागे.

नवव्या वर्षी मी शमुवेल झाले. चटईवर डोळे मिटून पडायचं आणि हाक आली की एलीकडे धावायचं. असं तीनदा. चौथ्यांदा म्हणायचं, "बोल, तुझा दास ऐकत आहे." त्या वर्षी हाक देणारा मोठ्या वर्गातला मुलगा पडद्यामागे गप्पांत रंगला. वाट पाहून पाहून मी कंटाळले आणि तशीच उठून धावले. आमचा एली हजरजबाबी. दाढी सावरत म्हणाला, "अरे, अजून कोणीच हाक मारली नाही, जाऊन नीज!" सगळे पोट धरून हसले. मला रडू आवरेना.

रात्री आईने जवळ घेतलं. "हाक नसताना धावणारे मोठेही खूप असतात गं," म्हणाली. हे माझं सांत्वन होतं की कोणाला टोमणा, ते अजून कळलेलं नाही.

आमच्या घरी रात्रीच्या प्रार्थनेनंतर मिनिटभर गप्प बसायची पद्धत होती. (बाबा त्यात हमखास पेंगायचे.) मग आई विचारायची, "आज आत काही आलं का?" एकदा मी जाहीर केलं, उद्याच्या परीक्षेला जाऊ नको असं देव सांगतोय. आई हसली नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा ३ रा अध्याय काढून माझ्यापुढे ठेवला: वरून येणारं ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य असतं. "यातलं तुझ्या निरोपात काय आहे?" काहीच नव्हतं. होती ती गणिताची भीती. परीक्षेला गेले.

त्याच सुमारास मैत्रिणीची रंगीत पेन्सिल मी दप्तरात दडवली होती. ती मात्र रोज त्या मिनिटात हजर. निळी, टोकाला चावलेली. तिसऱ्या रात्री माझा चेहरा पाहून आई एवढंच म्हणाली, "मला नको सांगूस. ज्याने आठवण दिली त्यालाच विचार." सकाळी पेन्सिल परत केली. मैत्रीण आठवडाभर बोलली नाही, ते वेगळं.

एलीचं मोठेपण मला पुढे, स्वतः मुलांना शिकवताना कळलं. त्याची नजर मंद झालेली, स्वतःचे मुलगे हाताबाहेर गेलेले. दोनदा त्यालाही उमगलं नाही. तिसऱ्यांदा उमगलं, तेव्हा निरोप काय असेल हे त्याने सांगितलं नाही. पोराला परत झोपायला पाठवलं, फक्त उत्तर कसं द्यायचं ते शिकवून. आम्हा पालकांना नेमकं हेच जमत नाही. आम्हीच पडद्यामागे जाऊन हाका मारतो.

संमेलनात साक्षी व्हायच्या, म्हणजे देवाचा आपला अनुभव मुलं उभी राहून सांगायची, तेव्हा ते लगेच दिसायचं. मुलं घरून घोटवलेली वाक्यं घडाघडा म्हणायची. बाई ऐकून घ्यायच्या, पण खूश नसायच्या. एकदा एक चिमुरडा उभा राहून म्हणाला, "मला काहीच ऐकू आलं नाही." आईबाप खाली मान घालून बसले. बाई म्हणाल्या, "शमुवेलालाही तोवर परमेश्वराची ओळख झाली नव्हती. त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलंय. बस बाळा." त्या वर्षी सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यालाच मिळाल्या.

आता नाटक मी बसवते. पूर्वी ते "ऐकत आहे"वर संपायचं. गेल्या वर्षी पुढचा भाग घेतला: निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध, शमुवेल सकाळपर्यंत पडून राहतो, मग उठून परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडतो. तालमीत एकाने विचारलं, एवढं सगळं ऐकल्यावर दारं कशाला उघडायची?

"रोजचं काम होतं ना त्याचं," आमची शमुवेल म्हणाली आणि पुठ्ठ्याचं दार ओढू लागली. एक कडी निसटली होती. एलीने दाढी काढून खिशात कोंबली आणि दुसरी बाजू धरली.