शहर पाठीशी ठेवून

आकाशगंगेचे छायाचित्र घेण्यासाठी मी पहिल्यांदा बाहेर पडलो, तेव्हा शहरापासून ६० किलोमीटर दूर गेलो होतो आणि तेवढे अंतर पुरेसे आहे अशी माझी समजूत होती. डोंगर उंच होता, एप्रिलमधली अमावास्येची रात्र होती, ढगांचा मागमूस नव्हता. चूक एकच झाली होती आणि ती मध्यरात्रीच्या सुमारास माझ्यासमोर उगवली. डोंगर शहराच्या वायव्येला असल्यामुळे शहर माझ्या आग्नेयेला पडत होते, आणि त्या दिवसांत आकाशगंगेचा मध्यभाग उगवतो तोही आग्नेयेलाच. वृश्चिकेची नांगी आणि धनू रास जिथून वर यायची, नेमक्या तिथेच पिवळट पांढऱ्या उजेडाचा एक घुमट क्षितिजावर बसलेला होता. त्या रात्रीचे एकही छायाचित्र मी ठेवलेले नाही.

पुढच्या वर्षी मार्चअखेरच्या अमावास्येसाठी जागा शोधताना मी आधी दिशा ठरवली आणि मग अंतर. अंतराचे गणित तसे सोपे आहे. मर्ल वॉकर या खगोलशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलेल्या एका ढोबळ नियमानुसार शहरामुळे आकाशाला येणारा उजळपणा अंतराच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात घटतो, म्हणजे अंतर दुप्पट केले की तो जवळजवळ सहाव्या हिश्शावर येतो. म्हणून मी शहराच्या दक्षिणेला १२० किलोमीटरवरचे एक पठार निवडले. तिथून आकाशगंगेकडे तोंड करून उभे राहिले की शहर पाठीशी राहते. घुमट नाहीसा होत नाही, परंतु तो चित्राच्या चौकटीत येत नाही, आणि छायाचित्रकाराला बहुतेक वेळा तेवढेच पुरते.

सूर्य मावळतीला आला असताना आम्ही दोघे मित्र निघालो. उपग्रहाने टिपलेल्या रात्रीच्या प्रकाशावरून तयार केलेला नकाशा मी सोबत घेतला होता आणि त्यावर वाटेतला शेवटचा गाव अगदी फिकट दिसत होता. प्रत्यक्षात त्या गावाच्या रस्त्यावर निळसर पांढऱ्या एलईडी दिव्यांची नवी कोरी रांग होती आणि तिचा प्रकाश गाव मागे पडल्यावरही बराच वेळ गाडीच्या आरशात चमकत राहिला. यात नकाशाकडून लबाडी झाली होती असे नाही. असे नकाशे ज्या उपग्रह-संवेदकावर आधारलेले असतात, तो साधारण ५०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश टिपतच नाही, आणि पांढऱ्या एलईडीचा एक ठळक भाग नेमका ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो. त्यातही हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरतात, त्यामुळे उपग्रहाला न दिसणारा प्रकाशच जमिनीवरून पाहणाऱ्याचे आकाश सर्वांत जास्त धुऊन टाकतो. नुसत्या डोळ्यांनी जगभरातल्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदींवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आकाशाचा उजळपणा वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. हा वेग उपग्रहांच्या मोजमापांवरून वाटत होता त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. त्या रांगेसमोरून जाताना हा आकडा मला पहिल्यांदा खरा वाटला.

पठारावर पोहोचेपर्यंत संधिप्रकाश संपला होता आणि उतरल्याबरोबर माझ्या काळजात धस्स झाले, कारण पश्चिमेला क्षितिजापासून वर निमुळता होत गेलेला फिकट उजेड स्पष्ट दिसत होता. त्या बाजूला एखादे मोठे शहर नकाशावर निसटले की काय, या शंकेने मी पुन्हा नकाशा उघडला. मित्राने शांतपणे आकाशाकडे बोट दाखवून विचारले, “शहराचा उजेड कृत्तिकांपर्यंत टोकदार होत जाईल का?” तो राशिप्रकाश होता. ग्रहांच्या कक्षांच्या प्रतलात पसरलेल्या बारीक धुळीवरून परतणारा सूर्यप्रकाश उत्तर गोलार्धातून वसंताच्या संध्याकाळी सर्वांत ठळक दिसतो, हे मी वाचले होते. फक्त तो पाहण्याइतक्या अंधारात आजवर कधी उभा राहिलो नव्हतो. (क्वीन या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने याच धुळीवर संशोधन करून २००७ साली पीएच.डी. मिळवली, ही माहिती मी तिथल्या तिथे मित्राला ऐकवून माझी चूक झाकण्याचा प्रयत्न केला.)

खरी अडचण मात्र दूरच्या शहराची नव्हती. पठाराच्या कडेला एक एकटे घर होते आणि त्याच्या दारावरचा उघडा दिवा थेट आमच्या डोळ्यांत येत होता. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना अर्धा तास तरी लागतो आणि एका प्रखर झोताने तो अर्धा तास वाया जातो. शेवटी मी घराकडे गेलो. अंगणात एक आजोबा बसले होते. “आजोबा, आम्ही ताऱ्यांचे फोटो काढायला आलो आहोत. हा दिवा थोडा वेळ बंद ठेवता येईल का?” असे विचारल्यावर ते म्हणाले, “दिवा बंद नाही करता येणार बाबा. पायवाटेवर काय आहे ते दिसायला नको का?” त्यांचे म्हणणे योग्य होते. त्यांना प्रकाश वाटेवर हवा होता. तो आकाशात आणि माझ्या डोळ्यांत जात होता, हा केवळ दिव्याच्या बसवण्याचा दोष होता. गाडीतल्या खोक्याचा पुठ्ठा कापून, गरम दिव्याला टेकणार नाही अशा बेताने, त्यांच्या परवानगीने मी दिव्यावर एक झापड बांधली. वाट पूर्वीसारखीच उजळलेली राहिली आणि पठार काळेभोर झाले. प्रकाशप्रदूषणावर मी जे काही वाचले आहे, त्यातला सर्वांत उपयोगी भाग या पुठ्ठ्यात मावला असता.

त्यानंतर डोक्यावरचे आकाश मोजले. स्काय क्वालिटी मीटर हे हातात मावणारे उपकरण आकाशाच्या एका ठरावीक लहान तुकड्याचा उजळपणा प्रतीमध्ये, म्हणजे ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याच्या एककात, सांगते. आकडा जितका मोठा तितका अंधार गडद, आणि नैसर्गिक अंधाराची मर्यादा २२ च्या आसपास येते. शहरातल्या माझ्या घराच्या गच्चीवर मला १८ मिळतात, इथे २१.५ मिळाले. साडेतीन प्रतींचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु प्रतीचे मोजमाप लॉगॅरिथमचे असल्याने त्याचा अर्थ गच्चीवरचे आकाश २५ पट उजळ आहे असा होतो. उजळ पार्श्वभूमीच्या गोंगाटातून एखादी फिकट वस्तू तेवढ्याच स्वच्छपणे वर काढायची, तर एकूण एक्सपोजरही जवळपास त्याच प्रमाणात वाढवावे लागते. पठारावरच्या एका तासाचे काम करायला गच्चीवर २५ तास खर्चावे लागतील. तेजोमेघांच्या बाबतीत यातून पळवाट आहे, कारण ते हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरसारख्या ठरावीक रेषांमध्ये चमकतात आणि अरुंद पट्ट्याचा फिल्टर बाकीचा प्रकाश अडवू शकतो. आकाशगंगेच्या पट्ट्यातला प्रकाश मात्र मुख्यतः ताऱ्यांचा, सर्व रंगांत पसरलेला असतो. सोडियमच्या जुन्या दिव्यांचा प्रकाश बराचसा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असल्याने तो काही प्रमाणात गाळता येत असे. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो आणि त्याच्याबरोबर आपण ताऱ्यांचा प्रकाशही गाळून टाकतो. या कामासाठी विकल्या जाणाऱ्या फिल्टरांवर मी पूर्वी बराच भरवसा ठेवत असे, आता गाडीतल्या इंधनावर ठेवतो.

१४ मिलिमीटरची लेन्स एफ २.८ वर उघडून ट्रायपॉडवर बसवली. फोकस लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर ठेवून चालत नाही. व्याधाचा तारा पडद्यावर मोठा करून, तो बारीकात बारीक टिंब होईपर्यंत कडे फिरवत बसावे लागते. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागून शटर किती वेळ उघडे ठेवायचे ते काढण्याचा प्रचलित नियम मला सुमारे ३५ सेकंद देत होता, परंतु आजच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्या वेळात तारे लांबट होतात, म्हणून मी २० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० वर थांबलो. गच्चीवर याच आकड्यांनी चित्र पांढरेफटक होते. इथे हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रातला उजेड डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंत मांडणाऱ्या आलेखाचा, डोंगर डावीकडून पाव अंतरावर उभा राहिला.

दीडच्या सुमारास ज्येष्ठा तारा चांगला वर आला आणि त्याच्या डावीकडे खाली आकाशगंगेचा जाड, भेगाळलेला भाग दिसू लागला. मधल्या काळ्या पट्ट्या म्हणजे ताऱ्यांची उणीव नसून मागच्या ताऱ्यांना झाकणारी धूळ आहे, हे ठाऊक असले तरी डोळ्यांना ती फटच वाटते. थोड्या वेळाने एक ढग आला आणि तो काळा होता. गच्चीवरचे ढग रात्री खालच्या दिव्यांमुळे पांढुरके दिसतात. इथे त्याला उजळायला खाली काहीच नसल्यामुळे तो तारे नसलेला नुसता एक आकार होऊन सरकत गेला. त्या दृश्यापुढे मी जरा वेळ शटर दाबायचेच विसरलो.

ढग सरल्यावर ६४ चित्रे घेतली. ती एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली की यादृच्छिक गोंगाट ८ पट कमी होतो आणि मध्येच रेघ ओढून गेलेले उपग्रहही बहुतांशी गळून पडतात. क्षितिजाजवळ प्रत्येक चित्रात हिरवट झाक येत होती आणि मी पांढऱ्या रंगाचा समतोल बदलून ती घालवायला निघालो होतो, मित्राने थांबवले. जवळजवळ शंभर किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनच्या अणूंमधून निघणारा ५५७.७ नॅनोमीटरचा हा हिरवा प्रकाश आकाशाचा स्वतःचा असतो, आणि गच्चीवर तो शहराच्या उजेडात बुडालेला असल्यामुळे मला कधी दिसला नव्हता. उत्तरेला, पाठीमागे, शहराचा घुमट १२० किलोमीटरवरूनही ओळखू येत होता, नखाएवढा.

पाचनंतर आकाश फिकट होऊ लागल्यावर आम्ही सामान आवरले. आजोबा उठून बाहेर आले होते. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे चित्र त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “हे तर इथं रोजच असतं. पण तुमच्या यंत्रात रंग जास्त आलेत.” यात त्यांची चूक नव्हती; अंधारात काम करणाऱ्या डोळ्यांतील पेशींना रंग कळत नाहीत, सेन्सरला कळतात. मी दिव्यावरची झापड सोडायला गेलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवले.

“राहू दे तो पुठ्ठा,” ते म्हणाले. “आता वाटेनं येताना दिवा डोळ्यांत जात नाही.”