पुढे म्हणणारी बाई

कानबाईच्या रात्री पुढे म्हणायला, म्हणजे ओळ आधी घ्यायला, कोण बसलंय यावर सगळं असतं बघा. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या धुळे-जळगावकडे घरोघर कानबाई देवी बसते, नारळाला नथ-बिथ घालून चौरंगावर, नैवेद्याच्या रोटांचा घाट वेगळाच, पण मी जाते ती रात्रीच्या गाण्यांसाठी. गाणी तीच, दरवर्षीची. तरी एक बाई म्हणते तेव्हा जांभया येतात आणि दुसरीनं तीच ओळ घेतली की अख्खी ओसरी सरसावून बसते.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. आवाज घोगरा, वरचा सूर त्यांना लागतच नाही, पण ओळीच्या शेवटचा 'वं' त्या झटकन तोडतात आणि तेवढ्या फटीत मागच्या बाया आपली ओळ उचलतात, म्हणून गाणं पळतं. अमळनेरकडच्या एक काकू तोच 'वं' इतका ओढतात की भाऊ घ्यायला आला नाही ही गाण्यातली तक्रार लाडात येते. मावशींच्या तोंडी तीच ओळ सरळ भांडण वाटते! आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर मात्र काकूच पाहिजेत, झोका वर जाऊन परत येईस्तोवर स्वर धरून ठेवायचा म्हणजे छातीत दम पाहिजे, गंमत नाही.

मला वाटतं लोकगीतात 'गोड गळा' हे मापच चुकीचं आहे. सुलोचना चव्हाणांचंच घ्या ना, डोक्यावर पदर घेऊन एका जागी उभ्या राहून लावणी म्हणायच्या, नाच नाही काही नाही, सगळा ठसका आवाजात. आणि यमुनाबाई वाईकर, २०१२ ला पद्मश्री मिळाली त्यांना, बैठकीची लावणी, एकच ओळ परत परत घ्यायची आणि बसल्या जागी दर वेळी अदा वेगळी, एकदा रुसवा, एकदा टोमणा, एकदा नुसतं आर्जव. शब्द तेच हं.

आमच्या आसोद्याच्या बहिणाबाई (१८८०-१९५१) तर लिहीतच नव्हत्या, काम करता करता म्हणायच्या, ते त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि पितांबर चौधरींनी उतरवून घेतलं म्हणून १९५२ ला पुस्तक आलं. पण कागदावर येतात ते शब्द. जात्यावर म्हणताना श्वास कुठे घ्यायचा ते जात्याच्या फेऱ्यावर ठरतं, ते पुस्तकात कसं दिसणार. म्हणून हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं जे काम केलं, लाखाच्या वर ओव्या, त्यातलं रेकॉर्डिंग ऐकायला मिळतं ते मला फार मोलाचं वाटतं ('पारी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाईटवर आहे, ऐकाच).

आता कानबाईला पण डीजेवर अहिराणी रिमिक्स लावतात. मला रिमिक्सचा राग नाही, पोरं नाचतात नाचू देत, पण त्यात मशीननं आवाज असा घासून गुळगुळीत केलेला असतो की बाई धुळ्याची का नंदुरबारची तेही कळत नाही, आणि ठेका ठरलेला म्हणून 'वं' तोडायला किंवा ओढायला जागाच नाही.

यंदा कोणी रेकॉर्ड करणार असाल तर फोन ढोलकीजवळ ठेवू नका राव, नुसतं धाडधाड येतं. पुढे म्हणणारीच्या बाजूला ठेवा, आणि मध्येच बंद करू नका, चांगली गाणी रात्री दोननंतरच निघतात.