सोळा किलोचं खोकं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसे तुम्ही पहिले नाहीत. दिवाळीनंतर आमच्या भंडाऱ्याकडे मंडईचा, म्हणजे गावजत्रेचा आणि तिच्यातल्या रात्रभरच्या नाटकांचा हंगाम लागला, की दर दोन गावांआड कोणीतरी माझं खोकं, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प, स्टेजवर चढवायला हात लावतं आणि धापा टाकत विचारतं, "भाऊ, मोबाइलमधी सगळेच आवाज भेटते म्हणते आता. मंग हे धोंडं कायले वागवता?" मागची काच लाल झालेली दिसली, की लगेच पुढचा प्रश्न येतो, "अन् हे बल्ब कायचे?"

बल्ब नाहीत, व्हॉल्व्ह आहेत. तुमच्या आजोबांच्या रेडिओत होते तेच. माझ्या ॲम्पमधले, स्पीकर हलवणारे दोन ईएल ८४ आणि त्यांना डीसी पुरवणारा ईझेड ८१ भंगारातल्या मेलेल्या रेडिओंमधूनच काढलेत. गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या छोट्या ईसीसी ८३ वर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ठसा आहे. सर्किट मार्शल या ब्रिटिश कंपनीच्या साठच्या दशकातल्या १८ वॉटच्या ॲम्पच्या वळणाचं. उचललेलंच म्हणा, पण मार्शलवाल्यांनीही आपला पहिला ॲम्प अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या बेसमन ॲम्पवरून बेतला होता, तेव्हा मला कसली लाज.

आता धोंडं का वागवतो ते. उन्हाळी धानाला पाणी द्यायला रात्री मोटर लावली, की घरातला पिवळा बल्ब कसा मान टाकतो? आणि मोटरीनं वेग धरला की हळूहळू पुन्हा उजळतो? खोक्यात तेच होतं. तार जोरात छेडली की ईएल ८४ एकदम जास्त करंट मागतात. ईझेड ८१ ला तेवढा देताना दम लागतो आणि ३२० व्होल्टचा पुरवठा क्षणभर खाली येतो. त्यामुळे सुराचं तोंड दबतं, आणि व्होल्टेज सावरलं की तोच सूर मागून फुलतो. हलक्या बोटानं वाजवलं तर यातलं काही होत नाही, आवाज स्वच्छ राहतो. म्हणजे एकाच गाण्यात कुजबुज आणि आरडाओरडा, मधे एकही बटण न दाबता. शहरातल्या गिटारवाल्यांना हे समजावताना माझी फेफे उडते. गावात "मोटर लावल्यावानी" एवढं म्हटलं की पुरतं.

मी वाजवतो तो ब्लूज, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. ब्लूजला हे लागतं, कारण ते गाणं सवाल-जवाबाचं आहे. गळ्यानं एक ओळ म्हणायची, गिटारनं तिला उत्तर द्यायचं. ब्लूजचे मोठे गायक-गिटारवादक बी. बी. किंग तर गाताना सहसा वाजवतच नसत, ओळ संपली की मग गिटार बोलायची. आणि बोलायची कशी, तर कोमल गंधारावरून तार ताणून शुद्धाकडे न्यायची, पण पोचू द्यायची नाही. आमचे पेटीवाले काका यावर कायम चिडतात. "एक तं कोमल लाव, नाही तं शुद्ध. मधात काहून लटकते?" मधातच तर सगळं आहे, काका.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की हेच बी. बी. किंग कितीतरी वर्षं लॅब सिरीज एल ५ नावाच्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर वाजवत. व्हॉल्व्हशिवाय ब्लूज होत नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मिसिसिपीत कापूस, विदर्भात कापूस, म्हणून ब्लूज आपलाच, असं सांगणाऱ्यावर तर मुळीच नको. आमच्याकडे धान होतो.

मला खोकं आवडतं याचं निम्मं कारण असं, की ते मला उघडता येतं. व्हॉल्व्ह स्पीकरला जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर साकोलीला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात गुंडाळून घेतला. दोन व्हॉल्व्हना साधारण ८००० ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. म्हणजे हजारपट फरक, त्याचं वर्गमूळ काढलं की वेढ्यांचं प्रमाण ३२ ला १ च्या आसपास येतं. दुकानवाल्या दादांना गणित लगेच पटलं. पटलं नाही ते थरांचं. अर्धी प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडचे वेढे, तिच्यावर सेकंडरी, म्हणजे स्पीकरकडचे, वर उरलेली प्रायमरी, नाही तर वरचे सूर मरतात. "पाच एचपीची मोटर यापरीस सोपी," म्हणत त्यांनी दोनदा उकललं, पण केलं झकास.

एक अक्कल माझी स्वतःची. आमच्याकडे संध्याकाळी १८० व्होल्ट असतात, कधी त्याहून कमी. तेव्हा ६.३ व्होल्टचा फिलामेंट पाचवरच राहतो आणि ॲम्प आजारी माणसासारखा बोलतो. म्हणून पॉवर ट्रान्सफॉर्मरला १८०, २०० आणि २३० व्होल्टसाठी वेगवेगळे टॅप, म्हणजे वेढ्यांमधून बाहेर काढलेली टोकं, ठेवले. मल्टिमीटर लावायचा, बटण फिरवायचं, मग वाजवायचं. पहिल्याच वर्षी बटण १८० वर ठेवून मी वाजवत बसलो. मध्यरात्री शेतातल्या मोटरी बंद झाल्या, डीपीवरचा भार उतरला, लाइन २४० वर गेली. आत ३२० चे सव्वाचारशे झाले. पुरवठा साफ करणारा फिल्टरचा कपॅसिटर होता ३५० व्होल्टचा, तोही जुना. नायिका रडत असताना मागून फट्ट आवाज आणि धूर. लोकांना वाटलं नाटकातलाच बार आहे, टाळ्या पडल्या. आता तिथं ४५० चे दोन, एकापुढे एक जोडलेले आहेत, आणि प्लग काढल्यावर त्यांतला डीसी उतरवणारा रेझिस्टरही आहे. तो का आहे हे माझ्या डाव्या हाताला माहीत आहे.

ब्लूजवाला बडी गाय लांबच लांब वायर लावून वाजवत वाजवत लोकांत जायचा, तेही करून पाहिलं. तीस मीटर वायर ओढत पानठेल्यापर्यंत गेलो. इतक्या लांब वायरीत वरचे सूर झिरपून जातात. गिटार घोंगडी पांघरून बोलल्यासारखी झाली, वर कुत्रं मागं लागलं. परत नाही केलं.

मोबाइलचं म्हणाल, तर यंदा एकदा खरंच त्यावर भागवायचं ठरवलं होतं. पाठीला आराम म्हणून. आवाज वाईट नव्हता. पण पहाटे तीनला थंडी उतरली, दहिवर पडायला लागलं आणि तबला ढिला पडू लागला. तबलजी रोज तो माझ्या व्हॉल्व्हच्या पाठीशी शेकत ठेवतात. त्यांनी सवयीनं मागं हात नेला, हाताला काहीच लागलं नाही, आणि चालू गाण्यातच माझ्याकडे वळून म्हणाले, "खोकं कुठी हाय बे?"