फाईल ‘वर’ आहे

अण्णाचे हात थरथरायला लागले तेव्हा वाटलं, लूमवरचा थकवा असेल. अशोक चौकातल्या टपरीवर बशीतला निम्मा चहा शर्टावर सांडायचा. मनाच्या आजारावरची लिथियमची गोळी चालू करून चार महिने झाले होते, पण रक्त तपासायचं असतं हे आम्हाला कुणी बोललंच नव्हतं. या गोळीची रक्तातली पातळी, किडनी, थायरॉईड, सगळं ठरावीक काळानं बघावं लागतं.

फाईल मागायला गेले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, “मानसिक पेशंटची फाईल देत नाही, मॅडम.” का ओ? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 25 रुग्णाला स्वतःच्या नोंदी मिळवायचा हक्क देतं. मी ते छापून नेलं, अण्णाच्या सहीचा अर्ज जोडला, पोच मागितली. तर म्हणे शिक्का सापडत नाही.

अण्णा आता सगळ्याच डॉक्टरांना घाबरतो. गोळी गालात धरतो आणि नंतर तुळशीच्या कुंडीत थुंकतो. मी रागावते खरी, पण कुठल्या तोंडानं? आणि त्याची झोप परत आली ती याच गोळीनं, हेही खरंच.

काल तिसऱ्यांदा गेले. पोच मिळाली. फाईल मात्र ‘वर’ आहे, सोमवारी या म्हणाले.