साठ आणि आठ

दिवाळीनंतर मानवतच्या बाजारात कापसाची आवक वाढली की आमच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याच्या, काट्यावर दिवसभर वजनाचे आकडे पुकारले जातात आणि ते वहीत टिपून घेण्याचे काम माझ्याकडे असते. तीन हंगामांपूर्वी एका गाडीचे वजन मी बारा क्विंटल साठऐवजी बारा क्विंटल आठ असे लिहिले. ‘‘मुनीमजी, साठ म्हणलो मी, आठ नाही,’’ असे म्हणत हमालाने ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतले. त्याच आठवड्यात असे आणखी दोनदा घडले. मला आवाज स्वच्छ ऐकू येत होता, त्यामुळे दोष बोलणाऱ्याचा आहे असेच मी धरून चाललो होतो. घरीसुद्धा ‘‘तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता’’ हे माझे ठरलेले वाक्य होते.

दोष आपल्याच कानाचा असावा, अशी शंका आल्यावरही पुढचे सहा महिने मी नको ते उपाय केले. कोणी सांगितले म्हणून लसूण घालून कोमट केलेले तेल कानात टाकले. पडद्याला छिद्र असते तर हे चांगलेच महागात पडले असते, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळले. मग एका दुकानात गेलो. तिथल्या माणसाने कोणतीही तपासणी न करता कानात मशीन बसवले आणि ‘‘आता येतंय ना ऐकू, काका?’’ असे विचारले. हातभर अंतरावरून तो बोलत असताना ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता. 3,500 रुपयांचे ते मशीन सगळेच आवाज सारखे मोठे करत असे. जिनच्या शेडमध्ये ते घातले की डोके उठे, आणि साठचा आठ होणे मात्र थांबले नाही.

शेवटी मुलीने हट्टच धरला, ‘‘बाबा, आधी कान तपासा, मशीनचं नंतर बघू.’’ मानवत रोडहून सकाळच्या गाडीने आम्ही छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात गेलो आणि केस पेपर काढून नाक-कान-घसा विभागाच्या रांगेत बसलो. माझ्या शेजारी पाथरीकडच्या एक बाई होत्या. त्यांचा कान लहानपणापासून वाहत होता आणि पडद्याच्या छिद्रावर शस्त्रक्रिया करून ठिगळ लावायचे ठरले होते. बहिरेपण म्हणजे म्हातारपण एवढेच डोक्यात घेऊन मी गेलो होतो. त्या रांगेतच माझी समजूत सुधारू लागली.

डॉक्टरांनी आधी दुर्बिणीने कान पाहिला. डाव्या कानात मळ घट्ट बसला होता. पाच दिवस थेंब टाकून तो काढल्यावर त्या बाजूला थोडा फरक पडला, पण थोडाच. मग कंप पावणारा चिमटा कपाळावर आणि कानामागच्या हाडावर टेकवून झाला. क्षयाची इंजेक्शने कधी घेतली होती का, घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का, कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो का, असे प्रश्न आले. ‘काम काय करता?’ या प्रश्नावर त्यांचा पेन थांबला, कारण काट्यावर येण्यापूर्वी अकरा वर्षे मी जिनच्या शेडमध्येच होतो.

खरी तपासणी आवाजबंद खोलीत झाली. कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीकसा ‘टूं’ आवाज आला की दाबायचे. काही वेळा आवाज आला की मला भास झाला, हे ठरवता येत नव्हते. ते सगळे कागदावर आलेखाच्या रूपात उमटले, उजव्या कानाची लाल वर्तुळे आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. जाड आवाजाकडे, म्हणजे 500 हर्ट्झला, मी 30 डेसिबलच्या आसपास होतो; हा आकडा जितका मोठा तितके ऐकणे कमी. 4,000 हर्ट्झला दोन्ही रेषा 70 पर्यंत खाली गेल्या होत्या आणि 8,000 ला किंचित वर आल्या होत्या. 4,000 जवळचा हा खड्डा मोठ्या आवाजात वर्षे काढलेल्यांच्या कानांची ओळखीची खूण असते. हाडातून दिलेल्या आवाजाचाही आलेख तसाच आल्याने बिघाड पडद्यात किंवा मधल्या कानाच्या हाडांत नसून आतल्या कानाच्या शंखातील आवाज टिपणाऱ्या केसपेशींत आहे, हे ठरले. 85 डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ-आठ तास राहिले की या पेशी झिजतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे औषध किंवा शस्त्रक्रिया हा माझ्यासाठी मार्गच नव्हता.

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या, बाईंनी मला जे समजावले ते माझ्या धंद्यातले होते. बोलण्याचा भरणा स्वरांत असतो आणि ते जाड असतात. स, श, फ, थ ही व्यंजने बारीक आणि हलकी असतात. माझ्या कानातून ही व्यंजनेच गळाली होती. साठमधला स काढला की आठच उरतो.

ऐकू येणे एका दिवसात अचानक गेले तर मात्र थांबायचे नसते. तेव्हा स्टिरॉइडचे उपचार असतात आणि ते पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात. मशीननेही भागत नाही अशांसाठी कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे यंत्र, असते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्या, असा सल्ला मला गावात अनेकांनी दिला होता. पण दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात दोन्ही कानांत 60 डेसिबलपासून पुढे ऐकण्याची घट लागते आणि माझी सरासरी 46 होती, तेव्हा तो विषय तिथेच मिटला.

दोन्ही कानांची यंत्रे आलेखाप्रमाणे जुळवून घ्यायला 42,000 रुपये लागले. पहिला आठवडा अवघड गेला. वर्तमानपत्र उलटले तरी कडकडाट होई, स्वतःचे चावणे ऐकू येई. मोटारसायकलच्या इंडिकेटरला टीं-टीं आवाज असतो, हे मला तेव्हा कळले. वळण घेऊन झाल्यावरही तो तसाच चालू ठेवून मी किती फिरलो असेन कोण जाणे. तीन वेळा जाऊन जुळवणी बदलून घेतली. 312 नंबरच्या सेलचे तपकिरी स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच तो बसवायचा आणि रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवायचे, हे आता अंगवळणी पडले आहे.

गोंगाटात, चार जण एकदम बोलत असताना, अजूनही चुकते. म्हणून आकडा ऐकल्यावर मी तो मोठ्याने परत म्हणतो आणि हमालाची मान हललेली पाहूनच लिहितो. शेडमध्ये जायचे झाले तर यंत्रे काढून खिशात ठेवतो आणि कानात फोमचे बोळे घालतो. तसेच बोळे मी शेडमधल्या चौदा जणांना आणून दिले. त्यांपैकी दोघे ते वापरतात.